करंगळी हलली की

थोरली नात शाळेत जायला लागली, त्याच वर्षी ऑपरेटरच्या बायकोला झटका आला. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला होता, तरी गल्लीत त्याला ऑपरेटरच म्हणत. मुलगा दूरगावी. घरात हा, आणि खाटेवर ती. तिची वाचा गेली, अंग लुळं पडलं. हलायची ती एक करंगळी, तीही मनात येईल तेव्हा.

तिला काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेटरने ते कानाआड केलं. एक्स्चेंजची शिस्त होती, बोर्डावर दिवा लागला की "बोला" म्हणायचंच. दमट हवेत दिवे आपोआप लागत आणि पलीकडे नुसती खरखर असे. बाकीचे तिकडे काणाडोळा करत, हा मात्र प्रत्येक दिव्याला ओ देई. भुतांचे फोन याच्याकडे द्या, म्हणून सगळे त्याला चिडवत. आता करंगळी हलली की तो विचारी, पाणी हवं? कूस बदलू? पुन्हा हलली की होकार धरून कामाला लागे.

त्याची भाची प्रयोगशाळेत मज्जातंतूंमधली वीज मोजायची. ती भेटायला आली, तेव्हा त्याने मोठ्या उमेदीने तिला खाटेपाशी बसवलं. मामी उत्तर देते, हे तूच आता डॉक्टरांना सांग, म्हणाला. भाचीने त्याला थोडा वेळ काहीच विचारू नका असं सांगितलं. दोघं गप्प बसली. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी करंगळी हलली. मग आणखी एकदा. ऑपरेटरचा चेहरा उतरला.

भाचीने समजावलं. मज्जातंतूच्या पातळ सालीत क्षारांच्या कणांसाठी बारीक बारीक दारं असतात. निरोप आला तरच ती उघडतात असं नाही, आपल्या लहरीनेही उघडझाप करतात. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण बरीचशी एकदम उघडली, तर कुणी न धाडलेला निरोप निघतो.

"म्हणजे पलीकडे कोणी नाही."

"तसं नाही म्हणत मी, मामा. उलटंही होतं. खरा निरोप निघतो, ऐन वेळी दारं पुरेशी उघडत नाहीत, आणि तो वाटेतच विरतो. नुसत्या बोटावरून काहीच सांगता येत नाही."

भाची गेली. मग ऑपरेटरने करंगळीकडे पाहायचंच सोडलं. चमच्याने पाणी पाजी, अंग पुसे, सगळं मुक्याने. घरात वाटी ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटू लागला.

एका दुपारी तिचे केस विंचरताना त्याच्या ध्यानात आलं, भाचीचं निम्मंच बोलणं आपण धरून बसलोय. करंगळी तेव्हा निपचित पडली होती.

"बोल," तो म्हणाला.

त्यानंतर पाण्याची, कुशीची वेळ तो घड्याळावर बघी. करंगळी हलो न हलो, तिच्याशी बोलत मात्र राही.

पुढल्या वर्षी, नात दुसरीत गेली त्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी ऑपरेटरची बायको वारली.