पाणबुड्याचा खर्ज

आवाजाच्या कामात माझा हात धरणारं या भागात कुणी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम, ज्याला म्हणून तोंड आहे ते सगळं माझ्या टेबलावर येतं आणि बोलायला लागूनच परत जातं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उंच माणसाला आत वाकून यावं लागतं, आणि मला ते आवडतं.

माझी एक पद्धत आहे. काम झालं की मी पंखा बंद करते, शटर अर्धं खाली ओढते, आवाजाची चकती पूर्ण वर फिरवते आणि काहीही न वाजवता यंत्र कानाला लावून श्वास रोखते. आत काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये. खरखर नको, घूं नको. आलंच, तर पुन्हा उघडायचं. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तर ताटकळू दे. ज्यांच्याकडे मी शिकले त्यांनी ही सवय लावली आणि मी ती त्यांच्याहून कडक केली.

आता माझ्या नणंदेबद्दल. आमच्या ह्यांच्याहून त्या मोठ्या. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला कारागीर म्हणतात, आणि दोन्हींत थोडी थोडी थट्टा असते. त्यांच्या नाकावर माशी बसत नाही. उभा जन्म त्यांनी शिवण शिकवली. टाका वाकडा दिसला की समोरच उसवायच्या, मुलगी रडली तरी उसवायच्या. मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू, काही वर्षांत. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. त्यांचा मुलगा नोकरीसाठी लांब राहतो, म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

आल्या, पण सुखानं नाही. घरात जो तो त्यांना मदत करायला टपलेला. आमचे हे तर ताटातली कुठली वस्तू कुठे आहे ते दर जेवणाला नव्यानं समजावून सांगायचे. वन्सं ऐकून घ्यायच्या, पण ओठ असे मिटलेले की आत सुई ठेवली असावी. कपडे कुणीतरी काढून द्यायचे, औषधं कुणीतरी मोजून द्यायची, आलेला फोनसुद्धा कुणीतरी उचलून हातात द्यायचा.

एकच गोष्ट त्या कुणालाही न विचारता करायच्या. मुलाचा लहानपणीचा गेम त्यांच्याकडे राहिला होता. राखाडी रंगाचा, विटेएवढा, हिरवट पडद्याचा. त्यात एकच खेळ होता. एक पाणबुड्या खोल पाण्यात उतरतो, वाटेत काळे खडक येतात, ते चुकवत मोती गोळा करत तळाला पोचायचं. दुपारी वन्सं गॅलरीत बसून तो खेळायच्या. खेळायच्या म्हणजे, आम्हाला वाटायचं, बटणं दाबायच्या. दिसत नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार? "वेळ जातो बिचारीचा," हे म्हणायचे, ते मात्र स्वयंपाकघरात येऊन, दार लोटून. तो शब्द वन्संच्या कानावर गेला असता तर घरात युद्ध पेटलं असतं.

एके दिवशी त्या काठी टेकत एकट्या दुकानात आल्या. घरापासून दुकान जवळ असलं तरी रस्ता ओलांडावा लागतो. मी ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून स्टूल पुढे सरकवलं.

"कारागीर, याचा आवाज बसलाय," त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. "आधी बारीक झाला, मग तुटक यायला लागला, आता काहीच नाही. जमेल का?"

"मला विचारताय?"

"तुलाच विचारतेय. आणि हे बघ, होतं तसं करून दे. हे गेलं तर दिवसभर मी काय करू? तुमच्या हातून घास भरवून घेत बसू?"

सगळं त्यातच आलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून वन्संनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, आता बघाच.

उघडलं तर आत बराच पसारा. आवाजाच्या चकतीखाली वर्षानुवर्षांची काजळी. हेडफोन खुपसायच्या भोकात एक पितळी जीभ असते. हेडफोन घातला की ती उचलली जाते आणि बाहेरचा स्पीकर बंद होतो. ती तशीच उचललेली राहून गेली होती, त्यामुळे यंत्र आपलं कुणीतरी हेडफोन लावून बसलंय या समजुतीत. स्पीकरचा कागद फाटलेला. आणि वीज साठवून सारखी पुरवणारे छोटे डबे, म्हणजे कपॅसिटर, त्यांतले बरेचसे पाझरलेले. ते पाझरले की शिळ्या मासळीसारखा वास येतो. एकदा नाकात बसला की पुन्हा चुकत नाही.

चकती धुतली, जीभ वाकवून जागेवर आणली, स्पीकर नवा बसवला, कपॅसिटर बदलून कथलाचे डाग दिले. पाणबुड्याचे बुडबुडे वाजायला लागले. एवढ्यावर दुसरी कुणीही थांबली असती. मी पंखा बंद केला, शटर ओढलं, कान लावला. आत घूं होतं. या जातीच्या यंत्रात ते जन्मापासून असतं, पडद्याला वीज पुरवता पुरवता ती थोडी स्पीकरात सांडते. पण वन्संच्या हातात घूं करणारं यंत्र द्यायचं? मी? पडद्याच्या वाटेवर मोठा कपॅसिटर घातला, स्पीकरला वेगळी तार ओढली. पुन्हा कान लावला. विहिरीच्या तळाला असते तशी शांतता. माझी छाती गजभर फुगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः गॅलरीत नेऊन दिलं आणि कौतुक ऐकायला उभी राहिले. वन्संनी चालू केलं. सुरुवातीची धून स्वच्छ वाजली, तशा त्या हसल्या. मग खेळ सुरू झाला आणि पाणबुड्या पहिल्याच खडकावर आपटला. पुन्हा सुरू केला, पुन्हा आपटला. त्यांनी यंत्र कानाशी धरलं, हलवलं, चकती वर केली. पुन्हा आपटला.

"छान झालंय," त्या म्हणाल्या, आणि यंत्र मांडीवर पालथं ठेवलं.

छान! ज्या बाईनं आयुष्यात चांगल्याला चांगलं म्हटलं नाही, ती छान म्हणाली म्हणजे काहीतरी साफ बिघडलं होतं. त्यानंतर त्यांनी यंत्राला हात लावला नाही. दुपारी गॅलरीत नुसत्या बसायच्या. ताटाचं वर्णन ऐकताना आता ओठही मिटेनात, हो हो करायला लागल्या. ते मला बघवेना. ह्यांनी सांगितलं, जाऊ दे, वय झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गॅलरीत गेले आणि समोर स्टूल ओढून बसले.

"वन्सं, स्पष्ट बोला. माझं काम कुठे चुकलं?"

"चुकलं नाही."

"मग?"

"जरा जास्तच चांगलं झालं," त्या म्हणाल्या. मग सांगितलं, "त्याला एक खर्ज होता गं. पाणी मोकळं असलं की बारीक लागायचा. खडक जवळ यायला लागला की जाड व्हायचा. खडक डावीकडे की उजवीकडे ते मला पाठ आहे, दर वेळी तेच असतात. पण कधी वळायचं ते तो सांगायचा. तू त्याला गप्प केलंस."

"म्हणजे तुम्ही खरंच खेळत होता?"

"मग काय बटणं पुसत होते?"

मला खरं वाटेना. खोटं त्या कशाला सांगतील, पण तरी. यंत्र घेऊन दुकानात आले, मोठा कपॅसिटर काढला, ती वेगळी तार काढून जुनी पुन्हा जोडली, खेळ लावला आणि पडद्याकडे बघत ऐकत राहिले. मोकळ्या पाण्यात घूं बारीक. काळा खडक पडद्यात शिरला तसं ते जाड होत गेलं, अर्धा पडदा काळा झाला तसं आणखी जाड. खडक मागे गेला, पुन्हा बारीक. जितका काळोख, तितका खर्ज. एवढी वर्षं मी तो आवाज शेकडो यंत्रांतून शोधून शोधून मारला, आणि तो काय म्हणतोय हे एकदाही ऐकलं नाही. आणि माझी नणंद, जिला घरात कुणी साधं पाणी ओतून घेऊ देत नव्हतं, ती त्याच्या आधारावर तळापर्यंत जाऊन येत होती! मी टेबलावर हात आपटला आणि एकटीच मोठ्यानं "वा!" म्हणाले. वरच्या पायरीवरून कुणीतरी खाली वाकून बघितलं.

पण तेवढ्यानं भागलं नाही. माझे नवे कपॅसिटर इतके चांगले होते की खर्ज आला तो सर्दी झाल्यासारखा. वन्संना दुकानात बोलावलं. त्या आल्या, काठी टेकत, एकट्या, आणि मी मुद्दाम आणायला गेले नाही. स्टुलावर बसल्या, यंत्र उघडंच कानाशी धरलं, आणि मी ड्रॉवरमधले कमी ताकदीचे कपॅसिटर एकेक लावून बघायला लागले.

"हा?"

"पातळ आहे."

"हा?"

"हा सगळीकडे सारखाच घुमतोय. उसव."

उसवला. उसवायला सांगतानाचा त्यांचा तो जुना आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. दुपारभर आम्ही तेच करत होतो. त्या सांगायच्या, मी डाग द्यायचे. शेवटी एक लावला तेव्हा त्यांनी उसव म्हटलं नाही, अंगठे बटणांवर ठेवले.

नेमके तेव्हाच मखमलवाले आले. ते माझं सगळ्यांत चोखंदळ गिऱ्हाईक. जुने गेम जमवतात, प्रत्येक यंत्र मखमलीत गुंडाळून आणतात आणि मित्रांना माझं नाव सांगतात. वाकून आत आले, थबकले, कान टवकारले.

"बाई, तुमच्या टेबलावर हा आवाज?" त्यांनी नाक मुरडलं. "हे यंत्र असंच जाणार बाहेर?"

माझं तोंड गरम झालं. इतक्या वर्षांचं नाव, आणि भर दुकानात ही घरघर. मी काही बोलणार तेवढ्यात वन्संनीच मान वर केली.

"तो आवाज माझ्या भावजयीनं मुद्दाम ठेवलाय," त्या म्हणाल्या. "काढता कुणालाही येतो. नेमका ठेवता फक्त हिला येतो."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. या बाईच्या तोंडून माझ्या कामाला आजवर "बरं आहे"च्या वर शब्द निघाला नव्हता. ऊर भरून येतो म्हणतात ना, तो त्या दिवशी आला, आणि तो लपवायला मी उगाच टेबल पुसायला लागले.

वन्संनी खेळ सुरू केला. मखमलवाले त्यांच्या खांद्यावरून वाकले. पाणबुड्या उतरू लागला. वन्संचं तोंड भिंतीवरच्या पक्कडी-पान्यांकडे होतं आणि अंगठे आपलं काम करत होते. पहिला खडक गेला, दुसरा गेला, मोती टुणटुणत राहिले.

"डावीकडे, डावीकडे!" मखमलवाले पुटपुटले.

"गप्प बसा हो. ऐकू येत नाही."

खोल, आणखी खोल, खर्ज इतका जाड झाला की टेबलावरचे स्क्रू थरथरल्यासारखे वाटले. मग एकदम बारीक झाला आणि शेवटची धून वाजली. पाणबुड्या तळाला पोचला होता.

"पडद्याकडे न बघता!" मखमलवाले म्हणाले. "हे कसं जमवलंत?"

"मला दिसत नाही," वन्संनी सांगितलं, वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

मखमलवाल्यांनी आपली मखमल बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. "मी एकदा बघू?" बघितलं. पहिल्याच खडकावर आपटले. पुन्हा आपटले. माणूस आयुष्यभर गेम जमवत आलेला, कानापर्यंत लाल झाला.

"तुम्ही बघत बसता, म्हणून उशीर होतो," वन्सं म्हणाल्या. "डोळे मिटा."

त्यांनी मिटले. मीही मिटले, नुसती उभी होते तरी. जिन्याखालच्या त्या खोलीत आम्ही तिघं त्या आवाजाकडे कान लावून राहिलो. बारीक, बारीक, मग हळूहळू जाड होत आलेला. "आता," वन्सं म्हणाल्या, आणि मोती टुण्ण वाजला. मखमलवाले शाळेतल्या पोरासारखे ओरडले आणि लगेच घाबरले, कारण खर्ज पुन्हा जाड व्हायला लागला होता.

वन्संनी हात पुढे करून चाचपडत त्यांचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"हा उजवीकडचा आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. मी आहे ना."