घोटा

फोन वाजला तेव्हा शुभानं आधी ऑक्सिजनचं मशीन सुरू केलं आणि मगच रिसीव्हर उचलला. मशीन नेहमीसारखं घरघरू लागलं. त्याची नळी गुंडाळून उशाशी ठेवलेली होती. पलंगावर कोणी नव्हतं. त्र्यंबक गुरुवारी सकाळी गेले होते.

"हाय आई. बाबा अवेक आहेत?"

"आत्ताच डोळा लागलाय गं."

काल केयाचा फोन आला तेव्हा तिनं पहिलं विचारलं होतं, मशीन का ऐकू येत नाही? फिल्टर बदलतोय, असं काहीतरी सांगून शुभानं वेळ मारून नेली होती. आज ती चूक तिला करायची नव्हती.

केया अमेरिकेच्या महिला रग्बी संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होती. पहिले दोन सामने संघ हरला आणि पोरीनं ते बाकावर बसून पाहिले. आजचा शेवटचा. आज ती सुरुवातीपासून खेळणार होती आणि उद्या घरी परतणार होती. ही बातमी कळली त्या संध्याकाळी त्र्यंबकांनी शुभाचा हात धरून एकेक शब्द ओढत सांगितलं होतं, "काही झालं तरी शनिवारची मॅच होईपर्यंत पोरीला कळवायचं नाही. शब्द दे." शुभानं दिला. असा शब्द देताना माणसाला वाटतं, निभेल.

समोरच्या पद्मिनीवहिनी तिच्यावर चिडल्या होत्या. पोटच्या पोरीपासून बाप गेल्याचं लपवायचं म्हणजे काय? शुभाला ते पटतही होतं. फ्युनरल होमनं अंत्यसंस्काराला सोमवारची वेळ दिली म्हणून बरं, सांगलीला कोणी इतकं थांबू दिलं नसतं. पण कोणी केयाला कळवू नका, असं एकेकाला विनवून सांगताना तिला धड रडताही आलं नव्हतं.

त्र्यंबक सांगलीत कबड्डी खेळलेले. अमेरिकेतल्या आयसेलिनच्या या घरातल्या कार्पेटवरच त्यांनी लेकीला पकड शिकवली. खाली जायचं, घोटा धरायचा, सोडायचा नाही. पुढे कॉलेजात केयानं रग्बी धरली तेव्हा शुभानं आकाशपाताळ एक केलं. उद्या नाक फुटलं तर कोण करणार हिच्याशी लग्न? बापलेकीनं तिला अजिबात दाद दिली नाही. रग्बीचे नियम त्र्यंबकांना शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. आपली पोर बॉल घेऊन पळणारीला घोट्याशी धरून पाडते एवढं कळत होतं, आणि तेवढ्यावर ते खूश होते. प्रत्येक मॅचआधी केया फोन करायची आणि ते म्हणायचे, "घोटा सोडायचा नाही."

"आई, फोन त्यांच्या कानाला लाव. बोलू देऊ नको. त्यांनी फक्त ऐकायचं."

शुभानं रिसीव्हर उशीवर ठेवला. बारीक पुटपुटल्यासारखं काही ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. कळावेत असं तिला वाटतही नव्हतं. चादरीला सुरकुती नव्हती, तरी ती हातानं सारखी करत राहिली. पुटपुट थांबल्यावर बऱ्याच वेळानं तिनं रिसीव्हर कानाला लावला.

"ऐकलं गं त्यांनी," ती म्हणाली.

केयाच्या मागे मुलींचा गलका चालला होता, फरशीवर बुटांचे खिळे वाजत होते.

"आई, ते एकदाही खोकले नाहीत."

मशीनचं तिला सुचलं होतं. दोन वर्षं रात्रंदिवस ऐकलेला खोकला मात्र ती साफ विसरली होती. नवीन औषध सुरू केलंय, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"डोन्ट," केया म्हणाली. तिचा श्वास फोनमध्ये नुसता वाजत होता. "काही नको सांगू. बाबांनीच सांगितलंय ना, मॅचनंतर सांग म्हणून?"

"हं."

"मग मॅचनंतरच सांग. मी काही विचारलंच नाहीये. ओके?"

शुभा मान हलवत राहिली. फोनवर ते दिसत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

"पण ते तू म्हण ना, आई. प्लीज. नाहीतर मला बाहेर जाताच येणार नाही."

शुभानं आजवर या खेळाबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता.

"घोटा सोडायचा नाही, केया."

"नाही सोडत."

थोड्या वेळानं पद्मिनीवहिनी चहा घेऊन आल्या. रिकाम्या पलंगाशेजारी मशीन घरघरत होतं आणि शुभा उशीकडे टक लावून बसली होती. वहिनींनी कप खाली ठेवला आणि मशीनच्या बटणाकडे हात नेला.

"राहू द्या वहिनी," शुभा म्हणाली. "मॅच संपली नाही अजून."