म्हाताऱ्यांची सहल

बाबांनी पुस्तिकेतल्या एका सहलीवर बोट ठेवून "ही कशी आहे गं?" असं विचारलं, तेव्हा मी लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाले, "ती म्हाताऱ्यांची आहे, बाबा."

त्यांनी बोट काढून घेतलं आणि हसले. आत्या आणि आतोबाही हसले. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि टेबलावरचे कप गोळा करायला लागली.

ही गोष्ट प्रवासाच्या दीड महिना आधीची, आमच्या जेवणाच्या टेबलावरची. बाबा निवृत्त झाले होते आणि आम्ही पाचजण नऊ दिवसांच्या क्रूझवर जाणार होतो. जहाज सकाळी एखाद्या बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं, आणि मधल्या सात-आठ तासांत काय बघायचं ते आपण आधी ठरवायचं असतं. जहाजाची कंपनी स्वतःच्या सहली विकते: मोठी बस, पंचेचाळीस माणसं, पुढे काठीला पाटी लावून चालणारा गाइड. नाहीतर आपण बाहेरची गाडी ठरवायची. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. खाजगी गाडीला उशीर झाला तर आपण धक्क्यावर उभं राहून जहाजाला हात हलवायचा.

निवडीचं काम माझ्याकडे आपसूक आलं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि घरात कुठलीही निवड करायची असली की माझं कोष्टक तयार असायचं. चार बंदरं, सत्तावीस सहली, सहा निकष, प्रत्येक निकषाला वेगळं वजन. आत्या म्हणाली, एवढ्या तपासण्या तर तिच्या डॉक्टरनेही कधी सांगितल्या नव्हत्या. मी प्रत्येकाला सगळ्या सहलींना पाचपैकी गुण द्यायला सांगितले. बाबांनी सत्तावीसच्या सत्तावीस सहलींना तीन गुण दिले. "तुमचं ठरेल तसं," म्हणाले. सगळ्यांना सारखेच गुण म्हणजे त्यातून काहीच कळत नाही. मी तो रकाना गाळून टाकला.

खरं तर त्यांना काय बघायचं होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तिसऱ्या बंदरापासून तासाभरावर एक विझलेला ज्वालामुखी होता आणि त्याच्या विवरात तळं होतं. असं तळं बाबांनी फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटून काढता यावं. शाळेतली मुलं त्यांना 'लाव्हा सर' म्हणायची. ते कधीच तापत नसत, म्हणून.

त्यांनी बोट ठेवलं होतं ती सहल त्या तळ्याचीच होती. कंपनीची बस डोंगराच्या मागच्या रस्त्याने थेट काठापर्यंत जायची. तिथे कठडा बांधलेला सज्जा होता, बसायला बाकं होती. माझ्या कोष्टकात तिला सगळ्यात कमी गुण पडले. पंचेचाळीस माणसं, एकच ठिकाण. मी निवडलेली खाजगी गाडी त्याच वेळात तीन ठिकाणं दाखवणार होती: किल्ला, काचेची भांडी फुंकून बनवणारा कारखाना, आणि शेवटी पायवाटेने चढून विवर. बाबांचा एक गुडघा बदललेला होता, हे मला माहीत होतं. मी धरून चाललं होतं की ते हळूहळू चढतील.

जहाजावर दुसऱ्या दिवशी मी त्यांचा वेगही मोजला. वरच्या डेकवर चालायला आखलेली वाट होती, तिची लांबी भिंतीवर लिहिलेली होती. बाबा आणि आई सकाळी तिथे फेऱ्या मारत होते, मी खुर्चीत बसून फोनवर वेळ लावली. सेकंदाला पाऊण मीटरही भरत नव्हता. चढावर त्याच्या निम्मा. मी तो आकडा कोष्टकात टाकला आणि कुणाला काही बोलले नाही.

तिसऱ्या बंदराला उतरल्यावर फोनमधलं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं, कारण त्या गावाची वेळ जहाजाच्या वेळेपेक्षा एक तासाने पुढे होती. जहाजावरची घड्याळं मात्र तशीच राहतात. माझ्या कोष्टकात याचीही सोय होती: 'जहाजावर परतण्याची शेवटची वेळ, फोनप्रमाणे – साडेतीन.' मी ते वाचलं आणि निर्धास्त झाले.

गाडीचा चालक पन्नाशीचा, जाडजूड, गवती टोपी घातलेला माणूस होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो आतोबांशी सारखा काहीतरी विनोद करत होता. किल्ल्यापाशी त्याने मला सांगितलं की घाई करू नका, खूप वेळ आहे. इंटरनेटवर मी वाचलं होतं की बाहेरचे चालक असंच सांगतात आणि मग जहाज चुकतं. कोष्टकातल्या वेळा मी वहीत उतरवून घेतल्या होत्या, ती वही त्याला दाखवली. त्याने वही बघितली, खांदे उडवले आणि परत गाडीत जाऊन बसला.

पायथ्याशी पोचलो तेव्हा फोनवर बारा चाळीस झाले होते. तिथे एक दुकान होतं, पुढे चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि बाजूने पायवाट वर जात होती. बंदरापर्यंत सत्तर मिनिटं, वर वीस मिनिटं हाताशी. म्हणजे दोनला निघायलाच हवं होतं. चढायला आम्हाला पंचवीस मिनिटं, बाबांना पन्नासच्या वर. उतरताना नव्या गुडघ्याला आणखी जपायला लागणार. ते वर पोचेपर्यंत खाली उतरायची वेळ झालेली असणार.

चालक माझ्या चेहऱ्याकडे बघत होता की बाबांच्या पायांकडे, मला माहीत नाही. तो म्हणाला, मागून रस्ता आहे, गाडी वरपर्यंत जाते. जायला पंचवीस मिनिटं जास्त लागतील. पैसे वेगळे नकोत.

बाबांनी पटकन माझ्याकडे बघितलं.

मी मनातल्या मनात आकडे लावले. पंचवीस जाताना, पंचवीस येताना, वर थांबायला जेमतेम अर्धा तास. शेवटची वीस मिनिटं हातातून गेली तर काय, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. चौघं ज्येष्ठ माणसं धक्क्यावर, आणि दोष माझा. मी चालकाला नाही म्हणाले. आणि तो पुढे काही बोलायच्या आत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबांना तसाही गुडघ्याचा त्रास आहे. ते इथे बसतील. बसाल ना हो बाबा?"

चालकाला मराठी येत नव्हती, पण त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"बसतो की," बाबा म्हणाले. "तुम्ही या जाऊन."

आई म्हणाली, मीपण थांबते. त्यावर बाबा जरा चढ्या आवाजात म्हणाले, की ते काही लहान मूल नाहीत. आई आमच्याबरोबर चढली, पण वाटेत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

एक वाजून सात मिनिटांनी आम्ही वर पोचलो. मी भराभर एकेचाळीस फोटो काढले. आत्या कठड्याला टेकून उभी होती, तिला दोनदा हाक मारावी लागली. एक तेहतीसला मी सगळ्यांना खाली वळवलं. खाली बाबा खुर्चीत बसले होते आणि दुकानदार त्यांना डोंगराचं चित्र छापलेला टॉवेल दाखवत होता. मी फोटो दाखवले. त्यांनी सगळे बघितले, एकेक मोठा करून. "छान आलेत," म्हणाले.

फोनवर तीन वाजून दहा मिनिटं झाली असताना आम्ही जहाजाच्या जिन्यापाशी होतो. रांग नव्हती. एकही माणूस नव्हता. तपासणीला बसलेल्या मुलीने आमची कार्डं घेताना काळजीने विचारलं, कुणाला बरं वाटत नाही का? आतोबांना वाटलं कौतुकच चाललंय. ते म्हणाले, आमच्याकडे सायंटिस्ट आहे, एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही.

तिच्या मागच्या भिंतीवर जहाजाचं घड्याळ होतं. त्यात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याखाली पाटी: शेवटची वेळ साडेचार.

चूक काय झाली ते मला उभ्या जागी कळलं. साडेचारात एक तास मिळवायचा होता. मी वजा केला होता. आठवीतल्या मुलाने करावी अशी चिन्हाची चूक. आमच्याकडे आणखी दोन तास वीस मिनिटं होती. मागच्या रस्त्याने दोनदा जाऊन आलो असतो.

मी कुणाला काही बोलले नाही. केबिनमध्ये जाऊन कोष्टक उघडलं आणि साडेतीन खोडून साडेपाच केले, जसं काही त्याने आता फरक पडणार होता. मग वाटलं, कुणी हे पान बघितलं तर? मी फाइलच पुसून टाकली. लाज कशाची जास्त वाटली ते सांगते. चुकीची वाटलीच, पण पुसताना दाराची कडी लावली होती, त्याची जास्त वाटली.

जेवताना आतोबांनी माझ्या वेळापत्रकाचं पुन्हा कौतुक केलं. शेजारच्या टेबलावर कंपनीच्या बसने जाऊन आलेल्या एक बाई होत्या, ऐंशीच्या तरी असतील, काठी खुर्चीला अडकवलेली. त्या त्यांच्या सोबतिणीला इंग्रजीत सांगत होत्या की त्या काठावर तासभर नुसत्या बसून होत्या आणि उठावंसंच वाटेना. आमच्या टेबलावर सगळ्यांना ऐकू गेलं. बाबा पाव मोडत होते. आतोबा म्हणाले, "पण यांनी किल्ला कुठे बघितला?" आणि बाबा म्हणाले, "तेही खरंच."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायले.

पुढचा दिवस पूर्ण समुद्रावरचा होता. बाबा डेकवर सावलीत बसले होते, मी शेजारची खुर्ची ओढली. रात्रभर मी वाक्य तयार केलं होतं, त्यात वेळेच्या फरकाचं स्पष्टीकरणही होतं. ते बाहेर आलंच नाही.

"बाबा, काल वेळ होती," मी म्हणाले. "भरपूर होती. माझं चुकलं."

"हो," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं. त्यांचं घड्याळ साधं, किल्लीचं. ते आपोआप पुढेमागे होत नाही. काल पायथ्याशी त्यात अकरा चाळीस झाले होते आणि साडेचारची पाटी त्यांनी सकाळी उतरताना वाचली होती.

"मग बोलला का नाहीत?"

ते पाण्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता म्हणतील, तुझा पाणउतारा नको म्हणून. तसं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तू एवढ्या खात्रीने म्हणालीस," ते म्हणाले. "मला वाटलं, ही रोज बघते आपल्याला चालताना. हिला दिसतंय तेच खरं असेल."

"बाबा, गाडी जाणार होती वर. चालायचंच नव्हतं."

"हो. पण तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं ना. मग मी मध्येच हट्ट कसा करायचा? लहान मुलासारखा?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मी खुर्चीच्या दांड्याचा सुटलेला रंग नखाने काढत बसले. मग त्यांनीच विषय बदलला.

"बरं, ते जाऊ दे. वर काय होतं ते सांग."

मी फोन काढला.

"फोटो नकोत, फोटो बघितलेत. वास येत होता का? गंधकाचा? कडेच्या भिंतीत थर दिसतात, ते कुठल्या बाजूला होते? वारा आत उतरत होता की नव्हता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. पोचलो एक सातला. निघालो एक तेहतीसला. फोटो एकेचाळीस. उतरायला एकोणीस मिनिटं. याच्यापुढे काही नव्हतं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. विवराबद्दल वाचलेलं मला सगळं पाठ होतं. एवढं तरी मी केलं नाही.

"आठवत नाही," मी म्हणाले. "मी सारखी घड्याळ बघत होते."

त्यांनी मान हलवली, शिक्षक एखाद्या मुलाला 'बस खाली' म्हणताना हलवतो तशी.

तेवढ्यात आत्या दोन कप चहा सांभाळत आली. बाबांनी तिला तेच विचारलं. आत्या दहावीनंतर शिकली नाही आणि कोष्टकात तिने विवराला दोन गुण दिले होते, चढ आहे म्हणून.

"वास? अरे दादा, आगपेटी ओली होऊन वाळली की येतो ना, तसा. पण सारखा नाही हं. वारा पडला की यायचा." ती कप ठेवून खाली बसली, दोन्ही हातांची ओंजळ केली. "हे असं खोल. आणि पाणी मध्ये हिरवं, पण कडेला पिवळट. एका मुलाने दगड टाकला, तर मी मनात मोजत होते. आवाज येईना, येईना, मग आला."

"किती मोजलंस?"

"सहा. नाही, सात."

बाबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. त्यामुळे त्यांची पाठ माझ्याकडे झाली. ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"आणि भिंत? तिला पट्टे होते का?"

"होते ना. समोरच्या बाजूला. तांबडे, मग काळे, मग परत तांबडे. मध्ये एका जागी सगळे वाकडे झालेले, कुणी दाबल्यासारखे."

"वाकडे कुठल्या अंगाला? डावीकडे?"

आत्याने डोळे मिटले आणि ओंजळ जरा फिरवली. मी आणखी एक चहा आणायला उठणार होते, पण उठले नाही. मलाही ऐकायचं होतं.