भरतीच्या वेळी आलेले साहेब

मित्रांनो, मी जुनी दुर्बीण. उजव्या भिंगाला बुरशी आहे, डावं अजून शाबूत आहे. कारखान्यात मला जहाजावरच्या कप्तानासाठी घडवलं, पण नशिबी आल्या पोस्टातून निवृत्त झालेल्या मावशी. कप्तानापेक्षा त्यांचा आवाज मोठाच होता म्हणा.

सव्वीस वर्षं आम्ही दोघींनी खाडीच्या मुखाशी पक्षी मोजले. वसंत आला की राखाडी पाणटिवळ्यांच्या छातीवर विटकरी रंग चढायचा. चिखलातले किडे खाऊन ते टम्म फुगायचे आणि एका संध्याकाळी उत्तरेला उडून जायचे. मावशी त्यांना निरोप देत नसत. नुसती वही मिटत.

मग चिखल बुजवून त्यावर गोदाम बांधायचं ठरलं. मावशींनी तक्रार केली. वनखात्याने कळवलं, पक्षी प्रत्यक्ष दिसले तर काम थांबवू. पाहणीला साहेब आले, सकाळी अकराला. नेमकी भरती. चिखलावर पुरुषभर पाणी आणि पक्षी पलीकडच्या मिठागरात विसाव्याला.

"साहेब, तीन तास थांबा. पाणी उतरलं की हजारोंनी येतील."

"मावशी, दोनला मीटिंग आहे हो."

"मग उद्या या."

"उद्या जीप लग्नाला जाणार आहे," ड्रायव्हर म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे, दौऱ्यावर."

"निदान मिठागरापर्यंत तरी चला!"

"ते आमच्या हद्दीत येत नाही."

मावशींनी सव्वीस वह्या पुढे केल्या. साहेबांनी त्यांवर चहाचा कप ठेवला. "जुन्या नोंदी चालत नाहीत. आज दिसेल तेच लिहायचं. ही दुर्बीण तरी नीट आहे ना?"

इथे मावशी चुकल्या. पदराने माझी भिंगं पुसत ताठ मानेने म्हणाल्या, "माझी दुर्बीण आजवर कधी चुकलेली नाही!"

साहेबांनी मला डोळ्यांना लावलं. एकदा, फक्त एकदा मला खोटं दाखवता आलं असतं तर! पण आम्हा दुर्बिणींना ती अक्कल नसते. मी स्वच्छ, झळझळीत पाणी दाखवलं.

साहेबांनी लिहिलं, 'उत्तम प्रतीच्या दुर्बिणीतून पाहणी केली. पक्षी आढळले नाहीत.' खाली मावशींची साक्षीदार म्हणून सही घेतली. पोस्टातल्या बाई त्या. समोर आलेल्या कागदावर सही करायची सवय हाताला होती.

पुढच्या वसंतात पाणटिवळे आले. सपाट मुरुमावर दोन घिरट्या घातल्या आणि उपाशीच निघून गेले. मावशींनी मला डोळ्यांवरून उतरवलं. पुन्हा कधी लावलं नाही.

आता मी त्याच खात्याच्या कार्यालयात, काचेच्या कपाटात आहे. पाटीवर लिहिलंय, 'निसर्गसेवेची साक्षीदार'. पाटी रोज पुसतात.

जुन्या वस्तू जपा, असं सांगून आत्मवृत्त संपवायची आमच्यात रीत आहे. माझ्यापुरती ती सोडा, मित्रांनो. दुर्बीण बाजारात नवी मिळते. चिखल जपा.