झूल घातलेली मोटार

मालोजीरावांनी गाडी आणली त्या दिवशी निघोज्यातली अर्धी कुत्री भुंकली आणि उरलेली अर्धी पत्र्यावर चढून बसली. गाडी होतीच तशी. दोन माणसांची, लालभडक, आणि इतकी ठेंगणी की आत बसताना मालोजीरावांचा फेटा आधी जाई, मग गुडघे, आणि खुद्द मालोजीराव सगळ्यात शेवटी. चाकणच्या कंपनीतला कुणी परदेशी साहेब मायदेशी निघाला होता, त्याची ही वापरलेली स्पोर्ट्स कार. ती चालू झाली की शेजारच्या चुलीवरची कढी आपोआप ढवळली जाई.

ज्या माणसाच्या बैलांनी शर्यतीच्या घाटात उडवलेली धूळ तळेगावात जाऊन खाली बसायची, त्याला दुसरी कसली गाडी आवडणार? मालोजीरावांनी ती थेट गोठ्यात नेली आणि सर्जा बैलाच्या दावणीशी उभी केली. सर्जा म्हातारा होऊन गेला तेव्हापासून ती दावण रिकामी होती, आणि तिकडे बघितलं की मालोजीरावांना जेवण जात नव्हतं. गाडी उभी राहिली आणि त्या रात्री त्यांनी चार भाकरी खाल्ल्या.

मंजुळाबाईंनी मात्र कंबरेवर हात ठेवले. "मला त्या गोठ्यात गाय आणायची हाय. आन् तुमी हे लाल बेडूक आणून बसिवलं."

"बेडूक न्हाई गं. जातिवंत जनावर हाय."

"मग जनावरावानी दाखवा. पोळ्याला मिरवणुकीत काढा. वेशीतनं मारुतीपत्तुर आन् मारुतीपासनं गोठ्यापत्तुर, सवताच्या पायानं. कुणी ढकलायची न्हाई, कुणी वढायची न्हाई. आली तर गोठा तिचा. न्हाई आली तर तिला इका, आन् शनिवारच्या बाजारातनं माझी गाय येईल."

मालोजीराव हो म्हणून बसले. हो म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गाडीच्या डॅशबोर्डवर दिवाळीसारखे दिवे लागतात आणि त्यातल्या एकाचाही अर्थ आपल्याला ठाऊक नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं दापोडीला गेले, करीमभाईंच्या गॅरेजात. करीमभाईंनी सर्जाला शर्यतीत पळताना पाहिलं होतं, त्यामुळे मालोजीरावांशी कोणत्या भाषेत बोलायचं ते त्यांना बरोबर कळलं.

"बघा आण्णा, हिरवा न् निळा दिवा म्हणजे गाडी नुस्ती सांगतीये, दिवा चालू हाय, वळतीये. तिकडं लक्ष नका देऊ. पिवळा म्हणजे कण्हतीये. हळूहळू घरी न्या, मग मला फोन करा. आन् लाल म्हणजे जिथं असाल तिथं थांबायचं."

"देवळापुढं असलो तर?"

"देवळापुढं थांबा."

"मामलेदारापुढं?"

"त्याच्यापुढं तर जरूर थांबा."

एवढ्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि गाडी टुंग टुंग करू लागली. मालोजीरावांनी दोन्ही हात वर केले. करीमभाईंनी आत वाकून बघितलं. शेजारच्या सीटवर मंजुळाबाईंनी पुरणासाठी घेतलेल्या हरभऱ्याच्या डाळीची गोणी ठेवली होती.

"हा लाल माफ हाय," करीमभाई म्हणाले. "गाडीला वाटतंय बाई बसल्यात. पट्टा लावा म्हणतीये."

"गोणीला बाई म्हणती व्हय?" मंजुळाबाई म्हणाल्या. पण गोणीला पट्टा त्यांनीच लावला.

मग बॉनेट उघडून करीमभाईंनी एकेक बाटली दाखवली. मालोजीरावांनी सगळं आपल्या हिशेबाने लावून घेतलं. इंजिन ऑइल म्हणजे रक्त. ते सपाट जागी, गाडी विसावल्यावर, पट्टी बुडवून बघायचं. ब्रेक ऑइल म्हणजे कासरा. ते कमी झालं तर जनावर हाताबाहेर गेलं. आणि ते हिरवं कुलंट म्हणजे घाम. इंजिन तापलं की तेच फिरून फिरून त्याला गार करतं.

"थर्मामीटरसारखं चित्र लाल झालं तर इंजिन तापलं," करीमभाईंनी बजावलं. "बंद करा आन् थांबा. गरम असताना हे झाकण उघडायचं नाही, तोंड भाजून निघंल. हट्ट केलात तर इंजिन कायमचं गेलं समजा. मग ह्या गाडीत कोंबड्या पाळा."

मंजुळाबाई तोंड फिरवून उभ्या होत्या, पण त्यांचे कान गाडीकडेच होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावाने बैलांची खांदेमळणी केली. मालोजीरावांनीही हळद आणि लोणी घेतलं आणि गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा असा चोळला की त्यात बघून शेजाऱ्यांनी दाढ्या केल्या. सकाळी सर्जाचा साज बाहेर निघाला. आरसे लावलेली झूल बॉनेटवरून पुढे नाकापर्यंत सोडली. गाडीच्या बाजूच्या दोन्ही आरशांना गोंडे बांधले. नंबरप्लेटच्या वर बाशिंग. आणि झेंडूच्या माळा किती, तर त्या दिवशी चाकणात देवालाही फुलं मिळेनात. सगळ्या माळा त्यांनी गाडीच्या नाकावर गच्च आवळून बांधल्या. गाडी नवरदेवासारखी दिसू लागली.

मंजुळाबाई नऊवारी सावरत, पुरणपोळ्यांचं ताट मांडीवर घेऊन आत बसल्या. गाडी बंद पडली तर डोळ्यांदेखत पडावी, म्हणून.

मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मग बैल, आणि सगळ्यात शेवटी गाडी. तिच्या अगदी पुढे बबनरावांचा लाखा होता. बबनराव म्हणजे मालोजीरावांचे घाटातले जुने वैरी. रोज पाठीला पाठ लावून बसायचे, तरी एकमेकांशिवाय दोघांना चहा गोड लागायचा नाही.

"मालोजी," ते मागे वळून म्हणाले, "तुझ्या बैलाला शेपूट न्हाई रं. माश्या कशानं हाकलतो?"

"माशी पोचतच न्हाई तिच्यापत्तुर. वाटंतच दमती."

पण त्या दिवशी माशीच काय, गोगलगायही पुढे गेली असती. बैल आपल्या चालीनं चालत होते. गाडीला वारा म्हणून लागत नव्हता. वेस ओलांडली आणि डॅशबोर्डवरचा गरमीचा काटा उजवीकडे सरकू लागला. मालोजीरावांनी एसी बंद केला. काटा सरकतच राहिला. इंजिनातली गरमी आत ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडा, असं करीमभाई निघताना म्हणाले होते, म्हणून त्यांनी हीटर सोडला. आत असा उकाडा झाला की ताटातल्या पुरणपोळ्या पुन्हा फुगल्या आणि मंजुळाबाईंचं कुंकू नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं.

मारुती समोर दिसत होता. देवळाची घंटा ऐकू येत होती. आणि थर्मामीटरचं चित्र लाल झालं.

मालोजीरावांनी देवळाकडे बघितलं. एवढीच वाट. दात आवळून काढली असती. मागे वळून एकदा गोठ्यात शिरलं की गोठा तिचा.

"लाल हाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"करीमभाई काय म्हणालं हुतं?"

"थांबलो आन् परत चालूच न्हाई झाली तर तू जिंकलीस. कळतंय का तुला?"

"मला सगळं कळतंय. तुमचं तुमी ठरवा."

मालोजीरावांनी लाल चित्राकडे बघितलं. सर्जाला आयुष्यात एकदाही त्यांनी फेस येईस्तोवर पळवलं नव्हतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवली. "हरलो तर हरलो. जनावर मारायचं न्हाई."

 मंजुळाबाई ताट घेऊन उतरल्या आणि नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

हलगी थांबली. सगळा गाव गोळा झाला. बबनराव मिशीवर ताव देत आले. "सोड की दोर. माझा लाखा वढून नेईल गोठ्यापत्तुर."

 बबनरावांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, कपाळाला हात लावला. "अहो, आज पोळा. आज बैलाच्या मानंवर दोर टाकता व्हय?"

बबनरावांच्या मिशा खाली आल्या. आजच्या दिवशी बैलाला कामाला लावायचं म्हणजे वर्षभर गावात तोंड दाखवायला नको. ते दुर्गाबाईंशी काहीबाही पुटपुटत राहिले आणि त्या नादात हातातला कासरा सैल झाला.

लाखा पुढे आला. त्याने गाडी हुंगली. झेंडूची पहिली माळ त्याने ओठांनी सोडवली आणि दोन घासांत संपवली. मग दुसरी. मग तो झुलीचं टोक ओढू लागला.

"अहो," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "ह्या लाखाला अक्कल हाय. नाक बांधल्यावर बैल पळंल का? तुमी तिचं नाकच बांधलंय की."

मालोजीराव बघतच राहिले. बंपरमधल्या जाळीत, जिथून वारा आत जाऊन तो हिरवा घाम गार व्हायचा, तिथे एक बोटही शिरायला जागा नव्हती. झेंडू, बाशिंग, झूल. त्यांनी एका झटक्यात झूल ओढली. उरलेल्या माळा लाखाने स्वतःच्या जबाबदारीवर घेतल्या.

मग सगळा गाव वाट बघत बसला. पोरांना ताटातली पुरणपोळी मिळाली, बबनरावांनाही मिळाली. बॉनेट हाताला गार लागलं तेव्हा मालोजीरावांनी बाटलीतलं कुलंट बघितलं. दोन रेघांच्या मध्ये होतं. फेटा घातला, गुडघे घातले, स्वतः शिरले. किल्ली फिरवली. सगळे दिवे एकदा लागले आणि एकेक करून विझले. थर्मामीटरही विझलं.

गाडी गरजली. मारुतीच्या घंटा कुणी हात न लावता वाजल्या. बबनरावांची मिशी आपोआप वर गेली. मारुतीला नारळ फुटला आणि लाल गाडी, नाक उघडं ठेवून, मिरवणुकीच्या पुढे होऊन, वारा खात गोठ्यात शिरली. सवताच्या पायानं.

मंजुळाबाईंनी दारात पाणी ओवाळून टाकलं. "गोठा तिचा," त्या म्हणाल्या. "पण मोठा हाय. शनिवारी मला बाजारात न्या. गाय आणू. ऱ्हातील दोघी."

"आन् गाय आणायची कशी? हिच्यात जागा न्हाई."

"गाय चालत येईल. तुमी मागनं हळूहळू या."

मालोजीरावांनी मान हलवली. "हळू न्हाई जमायचं. लाल दिवा लागतो."

"मग गायीला पळवू," मंजुळाबाई म्हणाल्या आणि शेजारच्या सीटवर बसून त्यांनी स्वतःच पट्टा ओढला.

ती गाय आजही निघोज्यात आहे. चाकणच्या रस्त्याला लागली की ट्रकवाले तिला बाजू देतात.