बसलेल्यांच्या डोक्यावरचा मांडव

कंधारात लग्न असो, जयंती असो की उरूस, मांडव फारूकभाईचाच. माणूस तोंडाळ, हाताने चिकट, चहा पाजायची वेळ आली की नेमका ह्याला कुणाचा तरी फोन येणार. पण त्याच्या बापाने घालून दिलेला एक नेम तो जिवापाड जपायचा. खाली माणूस बसलेला असताना वरचं कापड सोडायचं नाही. मग नवरदेवाचे रुसलेले मामा वरात गेल्यावरही सतरंजीवर घोरत का पडेनात, फारूक मनातल्या मनात शिव्या घालत थांबायचा.

त्या वर्षी जून लागला तरी ऊन उतरायला तयार नव्हतं. देशाच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि तो मान्य नाही म्हणत ठिकठिकाणी लोक रस्त्यावर आले. मोठ्या शहरांतले मोर्चे बघता बघता टीव्हीवरून गेले. कंधारजवळच्या एका बौद्ध वस्तीतल्या बाया मात्र बसस्थानकासमोरच्या मैदानात येऊन बसल्या त्या उठेचनात. अख्ख्या वस्तीने ज्याला मत दिलं, त्याच्या नावावर त्यांच्या केंद्रात मूठभर मतं निघाली होती. चूक यंत्राची, माणसाची की आणखी कशाची, ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. यंत्रातल्या चिठ्ठ्या आमच्यासमोर मोजा, एवढंच मागणं.

सगळ्यांच्या पुढे पंचफुला. शेतमजुरी करून पोरं शिकवलेली बाई. पोलीस समजूत घालायला आले तेव्हा ती म्हणाली, "सायेब, हारलो आसंल तर हारलो म्हनू. पर आमचं मत कुठं गेलं त्ये तरी दावा."

मांडव अर्थातच फारूकचा. राजकारणाशी त्याला देणंघेणं नव्हतं. कुणी का निवडून येईना, खुर्च्या माझ्याच, असं तो खुशाल म्हणायचा.

एके दुपारी मैदानाच्या कडेला गाडी थांबली आणि काच खाली झाली. आत गुंडप्पा, जिंकलेल्या पक्षाचा तालुक्यातला कारभारी. लातूरला विजयी मेळावा ठरला होता आणि त्याच्या मांडवाचं काम फारूकला मिळणार होतं. एवढं मोठं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. घरी बायकोने, साबेराने तर गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

"लातूरचं काम पायजे ना?" गुंडप्पा म्हणाला. "मग ह्यो मांडव आत्ताच्या आत्ता काढ. उन्हात किती येळ बसतेत बघू."

"सेठ, खाली बाया बसल्या हायत."

"मग उठव."

शिडी घेऊन फारूक मैदानात गेला खरा, पण पंचफुलासमोर ती नुसती या खांबावरून त्या खांबावर टेकवत राहिला. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा शिडीकडे, आणि काय समजायचं ते समजली.

तिचा नवरा गेला तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तिची सासू मांडवाखालून उठायलाच तयार नव्हती. लोक पांगले, फारूकचं पुढच्या लग्नाचं सामान अडकलं, तरी त्याने कापडाला हात लावला नव्हता. पंचफुला ते विसरली नव्हती.

"उठा गं बायांनो," ती म्हणाली. "खाली मानूस आसलं तर फारूकभाई कापड सोडत न्हाईत. त्येंच्या बापाचा नेम हाय, आपल्यापायी मोडायला नगं. मांडव निघाला की बसू परत, उन्हात."

बाया उठल्या. कुरकुर नाही, शिव्याशाप नाही. एकीने सतरंजीची घडी घालून फारूकच्या हातात दिली, त्याचीच होती म्हणून. डोक्यावर पांढरे पदर ओढून सगळ्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

अशी माणसं आहेत आपल्यात. स्वतःचं मत हरवलं म्हणून धुळीत बसलेली, आणि दुसऱ्याचा नेम मोडू नये म्हणून त्या धुळीतूनही उठणारी. आपण पेपरात त्यांचा फोटोसुद्धा धड बघत नाही.

"उठल्या की!" गुंडप्पा खूश झाला. "सोड आता."

फारूक शिडी चढला आणि त्याने गाठ हातात धरली. खाली कुणी बसलेलं नव्हतं. बाप असता तरी त्याला बोल लावू शकला नसता. लातूरचं मैदान डोळ्यांसमोर आलं, साबेराचा चेहरा आला. मग वरून त्याला एक अनवाणी म्हातारी दिसली. तापलेल्या जमिनीवर ती आलटूनपालटून पाय उचलत होती, आणि पंचफुला सरकून सरकून तिला आपल्या सावलीत घेत होती.

त्याने गाठीला आणखी एक पीळ दिला, करकचून आवळली आणि खाली उतरला. घडी घातलेली सतरंजी झटकून पुन्हा अंथरली.

"लातूर इसर आता, फारूक!" गाडीतून आवाज आला.

तो आवाज त्याच्या काळजात रुतला. पण त्याने मान वळवली नाही.

"अक्का, लवकर बसा," तो म्हणाला. "तुमी उभ्या राहिल्या तर मला मांडव काढावा लागंल."

पंचफुला बसली. तिच्यामागोमाग सगळ्या बसल्या. आणि उगाच कुणाच्या मनात शंका नको म्हणून सतरंजीच्या कडेला फारूकही टेकला.