पापण्यांचा चिमटा

मित्रांनो, करोल बागेतल्या दुकानात असताना मला वाटायचं, आपण एखाद्या नवरीच्या भुवया कोरणार. नशिबी आल्या पापण्या. हवालदार हिंदुरावांनी माझं टोक अंगठ्यावर घासून पाहिलं आणि मला दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरमध्ये आणलं.

त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंना लहानपणी गावी डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. तेव्हापासून वरच्या पापण्या आत मुडपलेल्या. केस बुबुळाला टोचायचे, डोळे सारखे गळायचे. दर रविवारी हिंदुराव त्यांना दारातल्या उन्हात बसवत आणि माझ्याकडून एकेक केस उपटत. बाईंना आराम पडे, मला मान मिळे. केस मात्र पुन्हा उगवत, तेही खुंटासारखे राठ.

कुठेही जायचं तर नीटनेटकं जायचं, ही फौजी घराची शिस्त. त्यामुळे दवाखान्याच्या आदल्या दिवशी माझी ड्यूटी ठरलेली. डॉक्टरांना पापणी साफ दिसे आणि दोघं थेंबांची बाटली घेऊन परत येत.

मग हिंदुरावांची बदली सीमेवर झाली. एक दिवस गिरिजाबाईंना तव्यावरची भाकरी धूसर दिसू लागली. लेक कृतिका मला घेऊन धावली.

"आई, बस ना. मी काढते."

"नको. आपण साफ करून जातो, मग डॉक्टरांना दिसणार काय? पुढच्या महिन्यात तारीख आहे. तोवर हात लावायचा नाही."

"पण टोचतंय ना, यार."

"टोचू दे. मी दम धरीन."

आणि धरला. पदराने डोळे टिपत त्यांनी सगळा संसार रेटला. डबीत माझा जीव तुटत होता.

तारखेला त्या मला पर्समधून घेऊन गेल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटवून पाहिली. बुबुळावर ओरखडे होते. अजून उशीर झाला असता तर नजर गेली असती.

"ऑपरेशन करना पड़ेगा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "और इसको अब छुट्टी दे दीजिए."

पापणीची मुडप सोडवून, टाके घालून त्यांनी केस बाहेर वळवले.

हिंदुराव रजेवर आले. सवयीने हात धुऊन त्यांनी मला डबीतून काढलं. गिरिजाबाई ऑपरेशनचं मुद्दाम न सांगता उन्हात बसल्या. केस बाहेर तोंड करून रांगेत उभे होते. हिंदुरावांनी ते बघितलं आणि बाहीने डोळे टिपले.

"अहो, आता तुमच्या डोळ्यात काय गेलं?" बाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी मला पुन्हा डबीत ठेवलं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, डॉक्टरांकडे जाताना दुखणं साफसूफ करून नेऊ नका. जसं आहे तसं दाखवा.